मागच्या रांगेतला ड्रागोनेत्ती

स्मरणिका समितीचा फोन आला. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू जरा वेगळं काहीतरी दे, असं सांगण्यात आलं. मी पडले सॉफ्टवेअरमधली. लिहिते ते सगळं यंत्राला वाचायला, त्यामुळे माणसांसाठी वेगळं काय लिहायचं हा प्रश्नच होता. पण गेली चार-पाच वर्षं एक माणूस माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. तो जाऊन पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. त्याचा आपल्या शाळेशी काडीचाही संबंध नाही. तरी त्याच्याबद्दल वाचताना मला दर वेळी आपलं मैदान, पंधरा ऑगस्टची सकाळ आणि आपलं बँडपथक आठवतं. म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते.

आधी बँडपथकाचं सांगते, कारण सगळ्यांच्या लक्षात असेल असं नाही. मी वर्गात सर्वांत उंच मुलगी, त्यामुळे मागचा बाक कायमचा आणि पथकात मोठा ड्रमही माझ्याच गळ्यात. बासरीवाल्या मुली पुढे, त्यांच्या मागे बाजूचे ड्रम, आणि शेवटी मी. पाहुण्यांच्या फोटोत माझे फक्त हात यायचे. आठवीत २६ जानेवारीला मी तापाने घरी होते. त्या दिवशी संचलनाची पावलं चुकली, शेवटची रांग तर चालायचीच थांबली. दुसऱ्या दिवशी संगीताच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि काल सगळ्यांना तुझा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, असं काहीसं म्हणाल्या. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं.

पुढे कामानिमित्त आम्ही दोन वर्षं लंडनला होतो. मुलगी माझ्याच वळणावर गेलेली, उंच. तिथल्या शाळेच्या वाद्यवृंदात तिला डबल बेस दिला. व्हायोलिनच्या कुळातलं हे सर्वांत थोरलं वाद्य. माणसाच्या उंचीचं, उभं राहून किंवा उंच स्टुलावर टेकून वाजवायचं, आणि बसमध्ये नेताना सगळ्या प्रवाशांच्या शिव्या खायच्या. (जुन्या हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आपले गोव्याचे कलाकार वाजवायचे तेच हे. गाणं ऐकताना आपण लता ऐकतो, खाली चाललेली ती धीमी चाल ऐकत नाही.) मुलीला समजावून द्यावं म्हणून मी वाचायला घेतलं, आणि मला दोमेनिको ड्रागोनेत्ती भेटला.

तो १७६३ साली व्हेनिसमध्ये जन्मला. वडील पिएत्रो हे न्हावी, आणि जोडीला वादकही. त्या काळी तिथे या दोन धंद्यांचं चांगलं जमायचं. मुलगा घरातल्या वाद्यांवर आपणच हात चालवायला लागला. थोडं व्हायोलिन एका बूट बनवणाऱ्याकडून शिकला. डबल बेससाठी बेरिनी नावाच्या उस्तादांकडे पाठवला, तर अकराच शिकवण्या झाल्या आणि गुरूकडचं संपलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तेराव्या वर्षी तो व्हेनिसच्या विनोदी ऑपेरात वाजवत होता आणि चौदाव्या वर्षी गंभीर ऑपेरात या वाद्याचा प्रमुख झाला होता. आपण चौदाव्या वर्षी प्रमेयं पाठ करत होतो.

१७८७ साली त्याला सॅन मार्कोच्या बॅसिलिकात जागा मिळाली. व्हेनिसच्या संगीतकारासाठी ही सर्वांत मानाची नोकरी. सुरुवात डबल बेसवाल्यांमध्ये शेवटच्या क्रमांकावर झाली, पण थोड्याच काळात तो पहिला झाला. मग रशियाच्या झारकडून आणि लंडनहून बोलावणी आली. त्याने दोन्ही नाकारली, मात्र बोलावणी आल्याचं कारभाऱ्यांच्या कानावर व्यवस्थित घातलं आणि पगार वाढवून घेतला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. त्याचं कारण पुढे येईल.

याच काळात त्याला त्याचं वाद्य सापडलं. विचेंझाला ऑपेरासाठी गेला असताना तिथल्या सॅन पिएत्रो मठातल्या जोगिणींकडे असलेला एक डबल बेस त्याच्या हाती आला. ब्रेशियाचा थोर कारागीर गास्पारो दा सालो याने तो घडवलेला. गास्पारो १६०९ मध्ये वारला, म्हणजे ड्रागोनेत्तीला मिळाला तेव्हाच ते वाद्य पावणेदोनशे वर्षांच्या घरातलं होतं. त्याने ते जन्मभर सोडलं नाही. पादुआच्या एका मठात मुक्कामाला असताना त्याने मध्यरात्री ओसरीत बसून या वाद्यावर असा काही गडगडाट केला, की साधू वादळ आलं म्हणून जागे झाले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, अशा गोष्टी ज्याच्याभोवती जमतात त्याच्या हातात काही तरी असतंच.

इथे थोडं तांत्रिक बोलते, सवयच आहे. त्याच्या वाद्याला तीनच तारा होत्या, आजच्यासारख्या चार किंवा पाच नव्हेत. तारा म्हणजे आतड्याची तात, जाडजूड आणि हट्टी. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ५५ कंपनं करते. त्या स्वराची हवेतली एक लाट सहा मीटरहून लांब असते. आपल्या वर्गखोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ती जेमतेम मावली असती. एवढ्या खालच्या स्वराचा कान लगेच पाठलाग करत नाही, पण बाकीचे सगळे स्वर त्याच्यावर उभे असतात. बेस बेसूर झाला तर वरचं व्हायोलिन कितीही सुरेल असो, ऐकणाऱ्याला काही तरी बिनसलंय एवढंच जाणवतं, कुठे ते सांगता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणालाही ही व्यथा वेगळी समजावून द्यायला नको.

बहुतेक वादक त्या काळी या वाद्यावर चेलोचीच ओळ सोपी करून, अवघड जागा गाळून वाजवत. ड्रागोनेत्ती गाळत नसे. त्याचा पंजा प्रचंड होता आणि ताकदही तशीच. त्याचा गज आजच्यासारखा आत वळलेला नव्हता, धनुष्यासारखा बाहेर फुगलेला होता आणि मूठ खालून धरायची होती. त्या घडणीचा गज पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला आणि इंग्लंडमध्ये त्याच्यामागेही कित्येक वर्षं चालला.

१७९४ साली, एकतिसाव्या वर्षी, तो शेवटी लंडनला गेलाच. हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात इटालियन ऑपेरा चालायचा, तिथे त्याची नेमणूक झाली. व्हेनिसने त्याला सोडलं नव्हतं, फक्त रजा दिली होती. ती रजा लांबत गेली आणि तीन वर्षांत नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताकच बुडवलं. आपल्यातले जे दोन वर्षांच्या व्हिसावर गेले आणि तिकडेच राहिले, त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

किंग्ज थिएटरात त्याच्या शेजारी रॉबर्ट लिंडली नावाचा चेलोवादक बसला. यॉर्कशरचा, ड्रागोनेत्तीपेक्षा तेरा वर्षांनी लहान, अवघा अठरा वर्षांचा. दोघांना एकच नोटेशनचा स्टँड. आणि हे दोघे त्या एकाच स्टँडवर पुढची ५२ वर्षं वाजवत राहिले. मी हा आकडा दोनदा तपासला. ऑपेरात गायक बोलल्यासारखा गातो, तेव्हा वाद्यवृंद थांबतो आणि फक्त चेलो नि डबल बेस त्याला धरून राहतात. ते काम या दोघांचं. शिवाय कोरेलीचे सोनाटे दोघे मिळून वाजवत. इंग्लंडभरच्या संगीत महोत्सवांत ही जोडी असल्याशिवाय भागत नसे आणि लोक ते तुकडे पुन्हा पुन्हा मागून घेत. एका बाकावर बावन्न वर्षं! आपण दहा वर्षांत किती वेळा बाक बदलायला लावले ते आठवा.

ड्रागोनेत्ती इंग्रजी कधी धड शिकला नाही. व्हेनिसची बोली, इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी यांची खिचडी करून बोलायचा आणि समोरच्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवायचा. लग्न केलं नाही. चित्रं, वाद्यं, तपकिरीच्या डब्या जमवायचा, आणि बाहुल्या. बाहुल्यांचा तर त्याने संसार थाटला होता. प्रवासाला निघाला की काही सोबत घ्यायचा. कार्लो नावाचा कुत्रा वाद्यवृंदात त्याच्या पायाशी बसलेला असे. त्या काळच्या लोकांनी या सगळ्याची भरपूर टिंगल केली आहे. नंतरच्या चरित्रलेखकांनीही पहिली दोन पानं बाहुल्यांवरच घालवली आहेत, आणि मला ते आवडलं नाही. घरापासून हजार मैलांवर एकट्या माणसाने संध्याकाळी काय करावं, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

१७९९ साली तो व्हिएन्नात बेटोव्हनला भेटला. बेटोव्हन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. ड्रागोनेत्ती कोणताही चेलोचा तुकडा आपल्या वाद्यावर वाजवतो असं त्याने ऐकलं होतं, म्हणून स्वतःचा दुसरा चेलो सोनाटा पुढे ठेवला आणि पियानोवर बसला. चेलोसाठी लिहिलेलं संगीत डबल बेसवर वाजवणं म्हणजे लेझीमची चाल मोठ्या ड्रमवर काढण्यासारखं आहे. ड्रागोनेत्तीने ती काढली. सोनाटा संपताच बेटोव्हनने उडी मारली आणि वादक व वाद्य दोघांना एकदम मिठी घातली, अशी आठवण ड्रागोनेत्तीच्या ओळखीच्या माणसाने पुढे सांगितली. त्यानंतरच्या सिंफनींत बेटोव्हनने डबल बेसकडून जे मागितलं ते पूर्वी कोणी मागितलं नव्हतं. पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात बेस आणि चेलो जी धावपळ सुरू करतात, तिच्यामागे ही भेट आहे असं पुष्कळांना वाटतं. पुरावा नाही. मला मात्र तसं मानायला आवडतं.

मधली काही वर्षं तो पुन्हा व्हेनिस-व्हिएन्नाकडे होता. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात हानाउच्या लढाईतल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी बेटोव्हनचा कार्यक्रम झाला, सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली ती तिथे. त्या वाद्यवृंदात शुपांझिग, श्पोर, हुमेल, मायरबेर, सालिएरी अशी एकेक नावं हौसेने बसली होती. जवळजवळ बहिरा झालेला बेटोव्हन हातवारे करत पुढे उभा, आणि मागे डबल बेसवर ड्रागोनेत्ती.

आता पैशांचं. याबद्दल ड्रागोनेत्ती बदनाम होता. किंग्ज थिएटर असो, महोत्सव असो वा फिलहार्मोनिक सोसायटी, त्याचं मानधन इतर वादकांपेक्षा पुष्कळ जास्त असे आणि त्याबाबत तो तसूभर हलत नसे. मागच्या रांगेतल्या माणसाने पुढच्या रांगेएवढे, कधी त्याहून जास्त मागावेत हे व्यवस्थापकांना झोंबायचं. १८२४ साली रोसिनी लंडनला आला असताना डेव्हिड सालोमन्स या हौशी चेलोवादकासाठी त्याने चेलो आणि डबल बेसचं एक द्वंद्ववादन लिहिलं, ते ड्रागोनेत्तीला डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे मागणी होतीच. पुढच्याच वर्षी बेटोव्हनची नववी सिंफनी लंडनमध्ये पहिल्यांदा व्हायची होती, २१ मार्च १८२५ ला. ती सिंफनी फिलहार्मोनिक सोसायटीने ५० पौंड देऊन मागवलेली. तिच्या शेवटच्या भागात गाणारा तोंड उघडण्याआधी चेलो आणि डबल बेस माणसासारखे बोलतात, सगळा वाद्यवृंद त्यांचं ऐकतो. सोसायटीने ड्रागोनेत्तीशी मानधन आधीच ठरवून ठेवलं होतं. त्याने कागद पाहिले आणि हे आधी पाहिलं असतं तर दुप्पट मागितले असते, असं कळवलं.

हे मी इतकं रंगून लिहिते आहे याचं कारण माझी जुनी नोकरी. अकरा वर्षं मी एका कंपनीत होते. नाव कशाला घ्यायचं. काम मागचं, म्हणजे ग्राहकाला पडद्यावर दिसतं ते नव्हे, त्याच्याखाली चालतं ते. रात्री तीनला फोन वाजायचा तो माझा. त्या अकरा वर्षांत मी एकदाही पगारवाढ तोंडाने मागितली नाही. काम दिसेल, कोणी तरी आपणहून म्हणेल, असं वाटायचं. शेवटी माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, हे एका चुकून आलेल्या फाइलीतून कळलं. मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला गेले. मागण्याची भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. ती कुठून आली हे मला सांगता येणार नाही. आपल्या घरांत मुलींना ती पोळीबरोबर वाढतात बहुधा. ड्रागोनेत्ती वाचल्यावर तीन आठवड्यांनी मी साहेबांसमोर बसले आणि आकडा सांगितला. त्यांनी तो दिला नाही. मी नोकरी सोडली. न्हाव्याच्या मुलाला अठराव्या शतकात जे सुचलं ते मला संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्रेचाळिसाव्या वर्षी सुचलं.

त्याला कंजूष म्हणणाऱ्यांनी त्याचं मृत्युपत्रही वाचावं. पण त्याआधी बॉन.

ऑगस्ट १८४५. बेटोव्हनच्या जन्मगावी त्याच्या पुतळ्याचं अनावरण होतं. लिस्टने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. राणी व्हिक्टोरिया आली होती, बर्लिओझ आला होता. पाचवी सिंफनी व्हायची होती आणि तेरा डबल बेस ओळीने उभे होते. त्यांचा प्रमुख म्हणून लंडनहून ब्याऐंशी वर्षांचा ड्रागोनेत्ती आला होता. ज्याने त्याला मिठी मारली होती तो बेटोव्हन जाऊन अठरा वर्षं झाली होती. तिसऱ्या भागातली ती धावपळ ब्याऐंशी वर्षांच्या बोटांनी कशी केली असेल, याचा मी मुलीला प्रश्न विचारला. ती म्हणाली की तिला सोळाव्या वर्षीही जमत नाही.

पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८४६ ला, तो लेस्टर स्क्वेअरमधल्या घरी वारला. मूरफील्ड्सच्या सेंट मेरी या कॅथलिक प्रार्थनागृहाच्या तळघरात त्याला पुरलं. १८८९ मध्ये तिथून अवशेष वेंब्लीच्या दफनभूमीत हलवले. ऑपेरांच्या स्वरलिपींचे १८२ खंड त्याने ब्रिटिश म्युझियमला दिले. त्याच्या स्वतःच्या रचनांची हस्तलिखितं मित्र व्हिन्सेंट नोव्हेलो याने तिथेच पोचवली. आणि गास्पारोचा तो डबल बेस त्याने विकायला सांगितला नाही, कोणा शिष्यालाही दिला नाही. तो सॅन मार्कोला परत पाठवला, बावन्न वर्षांपूर्वी जिथून रजेवर निघाला होता तिथे. आज तो तिथल्या संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे त्याच्या नावावर सर्वांत जास्त वाजवली जाते ती ए मेजरमधली कन्चेर्तो त्याची नाहीच. एदुआर नानी या फ्रेंच वादकाने ती विसाव्या शतकात लिहिली आणि ड्रागोनेत्तीच्या नावाने छापली, असं आता मानतात. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारे मी खूप पाहिले आहेत, आपलं काम दुसऱ्याच्या नावावर खपवणारा हा एकच.

लिंडली त्याच्यानंतर नऊ वर्षं जगला. १८४६ मध्ये स्टँडच्या दुसऱ्या बाजूला दुसरा कोणी तरी उभा राहिला असणार. त्या संध्याकाळी लिंडलीने पान कोणत्या हाताने उलटलं असेल, बावन्न वर्षांच्या सवयीने तो क्षणभर थांबला असेल का, असले निरुपयोगी विचार माझ्या मनात येतात. पथकात माझ्या पुढे बाजूचा ड्रम वाजवणारी आणि वर्गात माझ्या बाकावर बसणारी एकच मुलगी होती. दहावीनंतर आमचं एका क्षुल्लक कारणावरून बिनसलं आणि मग तीस वर्षं तसंच राहिलं. ती येणार असल्याचं यादीत वाचलं. माझं नावही यादीत आहे, हे तिनेही वाचलं असेलच.

समितीला एक विनंती. तो मोठा ड्रम माळ्यावर अजून आहे का, तेवढं शिपाईमामांना विचारून ठेवा. आणि बाजूचा एक ड्रमही काढून ठेवा.